स्पार्क प्लग की ब्रेक? यीस्टच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. पहिला : पेशीचा आकार आतल्या पाण्याचा दाब आणि बाहेरची भिंत ठरवतात, त्यामुळे 'जनुकं आकार ठरवतात' हे माझं वाक्य चूक. दुसरा : एखादं जनुक बिघडवून निष्कर्ष काढणं म्हणजे स्पार्क प्लग काढल्यावर गाडी थांबली, म्हणून गाडी प्लगच चालवतो असं म्हणणं.

दुसऱ्यापासून सुरू करतो, तो जास्त झोंबला. गाडी थांबली असती तर तुमचं बरोबर होतं; इथे ती थांबत नाही. फिशन यीस्ट म्हणजे मधोमध दुभंगून वाढणारी एकपेशीय बुरशी; तिची पेशी कांडीसारखी असते. साधारण १४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) लांब झाली की मधोमध आडवी भिंत घालते आणि दुभंगते. जीवशास्त्रज्ञ पॉल नर्स यांना एडिंबरात अशा पेशी सापडल्या, ज्या जेमतेम निम्म्या आकारालाच दुभंगत होत्या. १९७५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. या पेशींत बिघडलेल्या जनुकाचं नाव 'वी-१'. स्कॉटिश बोलीत 'वी' म्हणजे चिमुकला. (नावं ठेवावीत तर अशी.) या पेशी मरतुकड्या नाहीत. वाढतात, दुभंगतात, फक्त घाई करतात. उलट वी-१च्या जादा प्रती घातल्या, तर जितक्या प्रती जास्त तितकी पेशी लांब. प्लगचं असं होत नाही, ब्रेकचं होतं. पेशीला दुभंगायला लावणाऱ्या सीडीसी-२ या प्रथिनाला वी-१चं प्रथिन फॉस्फेट (एक छोटा रासायनिक गट) चिकटवून रोखून धरतं, सीडीसी-२५ हे दुसरं प्रथिन तोच फॉस्फेट काढून त्याला मोकळं करतं.

पहिला आक्षेप अर्धा मान्य. भिंत विरघळवली की कांडीचा गोळा होतो, हे खरंच. पण त्या गोळ्याला पुन्हा भिंत बांधू द्या, काही पिढ्यांत कांडी परत येते. दाब तर सगळीकडे सारखाच असतो. भिंतीत नवा माल कुठे भरायचा ती जागा सीडीसी-४२ हे आणखी एक प्रथिन राखतं. पावाचं यीस्ट दुभंगत नाही, अंगावर कळी फुटून तिची नवी पेशी होते; त्यात सीडीसी-४२ निकामी झालं तर पेशी नुसती गोल फुगत राहते, कळी फुटतच नाही.

तुमच्या बाजूचा एक चांगला मुद्दा मात्र तुम्हीच सोडलात. पावाच्या यीस्टच्या हॅप्लॉइड (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) पेशीत नवी कळी आधीची कळी सुटल्यावर उरलेल्या वणाला लागून फुटते. तो वण कुठे आहे हे डीएनएत लिहिलेलं नसतं, ते पेशीच्या अंगावर असतं. बड-३सारखी जनुकं ती जागा ओळखू येईल एवढंच बघतात. म्हणून मूळ लेखातलं 'ठरवतात' काढून मी 'वळण लावतात' केलंय.