सर्दावलेला सिगार

बाहेर धो-धो पाऊस, गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली चार वेताच्या खुर्च्या, चौघं मित्र आणि प्रत्येकाच्या बोटांत एक उंची सिगार. चित्र झकास आहे. पण जुलैची हवा चिवड्याचं जे करते तेच सिगारचंही करते. हिवाळ्यात हा शौक असतो. पावसाळ्यात ती बिनपगारी नोकरी होते.

सिगारला ६५ ते ७० टक्के दमटपणा मानवतो. मुंबईच्या पावसात हवा बहुतेक वेळ ८५ टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत उघडा राहिलेला सिगार फुगतो, आतली पानं एकमेकांना चिकटतात आणि धूर यायची वाट बुजते. मग गाल आत जाईपर्यंत ओढा, हाती काही लागत नाही. त्यातून तो पेटलाच, तर आचेने आतला ओला माल आणखी फुगतो आणि वरचं नाजूक पान टरकन फाटतं. ‘ओला वाटला तर दिवसभर बाहेर काढून ठेवा’ हा सल्ला कोरड्या मुलखातला. आपल्याकडे बाहेर ठेवला की तो जास्तच भिजतो. एसी चालू असलेल्या खोलीत अर्धा दिवस ठेवला, तरच काही आशा.

म्हणून पावसाळ्यापुरती सिगार ठेवायची नक्षीदार लाकडी पेटी विसरा. रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या, त्यात ६५ टक्क्यांची ओलावा राखणारी पाकिटं टाका. आत मिठाचं द्रावण असतं. हवा कोरडी पडली की ते ओल सोडतं, दमट झाली की शोषतं. डब्यातला स्वस्त आर्द्रतामापक मात्र सर्रास थापा मारतो. त्याची उलटतपासणी सोपी आहे: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखल होईल इतपत पाण्याचे थेंब टाका, झाकण आणि मापक एका बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी काटा ७५वर हवा. ८१ दाखवत असेल, तर त्याच्या प्रत्येक बोलण्यातून सहा वजा करायचे. काही नातेवाइकांच्या बाबतीत आपण हेच करतो.

तंबाखूच्या पानात बारीक भुंग्याची अंडी असू शकतात. पारा २५च्या वर सरकला की ती उबतात आणि सिगारला टाचणीएवढी भोकं पडतात. त्याची बासरी होते, पण सूर लागत नाही. उपाय एकच: बंद पिशवीत तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग बाहेर. थेट बाहेर काढला तर थंड सिगारला घाम फुटतो आणि पान तडकतं. फ्रीझरमध्ये खवलेल्या नारळाशेजारी सिगार कशाला, हे घरात कसं समजवायचं यावर मात्र कुठल्याच तज्ज्ञाने काही लिहिलेलं नाही.

कापायला अडकित्ता चालेल का, असं कोणीतरी विचारतंच. चालणार नाही. अडकित्त्याला एकच पातं. ते सुपारी फोडतं आणि सिगार चेचतं. दोन पात्यांचा कटर हवा आणि टोपीचा, म्हणजे तोंडाकडच्या टोकावर चिकटवलेल्या पानाच्या तुकड्याचा, फक्त दोन मिलिमीटर भाग जायला हवा. टोपी जिथे चिकटवलेली असते त्या रेषेखाली कापलं, की सिगार केळीच्या सोपटासारखा सुटत जातो.

पेटवताना देवघरातल्या समईकडे बघूही नका. तेलाचा, मेणबत्तीचा, पेट्रोल लायटरचा वास पहिल्या झुरक्यापासून शेवटपर्यंत सोबत करतो. गॅसचा लायटर उत्तम. काडेपेटी असेल तर काडीचा गुल पुरता जळू द्यावा. ज्योत टोकाला लावायची नाही. बोटभर लांब धरून, सिगार फिरवत, वांगं भाजावं तशी कड भाजायची. कडेला सगळीकडून लाली आली की मगच ओढायचं, तेही फिरवत. वाऱ्याच्या झोताने एक बाजू पुढे पळाली, तर मागे राहिलेली बाजू खाली धरावी; खालून हवा मिळते आणि ती गाठते.

आता मंडळी. माझ्या मते चार ही कमाल मर्यादा. पाच इंची, मध्यम जाडीचा सिगार पाऊण तास ते तासभर चालतो आणि मिनिटाला एकच झुरका मागतो. म्हणून विषय जपून निवडावा. जुनी गाणी, आंब्याच्या जाती, गावाकडची माणसं: सिगार गार राहतो. सोसायटीच्या मेंटेनन्सचा विषय निघाला की मिनिटाला चार झुरके जातात, सिगार तापतो आणि कडू जहर होतो. उलट अखंड बोलणाऱ्याचा विझतो. विझला तर राख काढावी, आतली शिळी हवा एकदा बाहेर फुंकावी आणि तासाभरात पुन्हा पेटवावा. उद्यासाठी ठेवू नये.

सिगरेटच्या सवयीने धूर छातीत घेणारा एक जण असतोच. पाचव्या मिनिटाला उचकी, दहाव्याला कपाळावर घाम. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, निकोटीन तोंडातूनच रक्तात उतरतं. गिळायची गरजच नाही. अर्थात न गिळता ओढला म्हणून तोंडाचा कर्करोग सवलत देत नाही. त्या गृहस्थाला साखर घातलेला चहा द्या आणि पुढच्या वेळी उपाशीपोटी बसवू नका. भज्यांचं खरं काम हेच.

राख सिगरेटसारखी झटकू नये. इंचभर झाली की वाटीच्या कडेला टेकवायची, ती आपणच उतरते. शेवटचा दीड इंच उरला की चिरडू नये, ठेवून द्यावा. आपला आपण विझतो. आणि ते थोटूक पत्र्याच्या पागोळीखाली टाकू नका. ओल्या थोटकाचा दर्प जिना उतरून खाली जातो आणि खाली, पावसामुळे, घरभर दोऱ्यांवर सगळ्यांचे कपडे वाळत असतात.