ठाण्यातली फिर्याद, मेरीलँडमधला दफनविधी

ठाण्यातल्या मंडळींशी फोनवर वाद रंगला की एक सवाल हमखास येतो: 'भावना दुखावल्या तर गुन्हा नोंदवायला नको?' अमेरिकेत राहून माझं उत्तर पक्कं झालंय. नको.

2006 साली मेरीलँडमध्ये, इराकमध्ये मरण पावलेल्या एका सैनिकाच्या अंत्यविधीच्या वेळी एका कडव्या चर्चचे सात जण 'सैनिक मेले, देवाचे आभार' असे फलक घेऊन उभे राहिले. बापाच्या काळजावर याहून मोठा घाव कुठला? बाप कोर्टात गेला. 2011 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 8 विरुद्ध 1 मतांनी निदर्शकांच्या बाजूने निकाल दिला. ते सार्वजनिक जागेवर होते, अंत्यविधीच्या जागेपासून सुमारे 1000 फूट लांब, पोलिसांना आधी कळवून. कुठे, कधी, किती मोठ्याने यावर कायदा बंधन घालतो, मजकुरावर नाही. भडकाऊ मजकूर गुन्हा ठरायला तात्काळ हिंसेसारख्या बेकायदा कृत्याची चिथावणी लागते, आणि ते घडण्याची शक्यताही.

हाच कायदा उचलून ठाण्यात लावा, असं मी म्हणणार नाही. आपल्या संविधानाच्या कलम 19(2) मध्ये बोलण्यावर निर्बंध आहेतच. पण आपलाच कायदा नीट पाळला तरी पुष्कळ आहे.

2012 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरात मुंबई बंदवर पोस्ट लिहिणारी तरुणी आणि ती 'लाइक' करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली; एकीच्या नातेवाइकाचा दवाखाना फोडला. पुढे 24 मार्च 2015 ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन मजकुरावर अटक करू देणारं 66अ कलमच रद्द झालं. तरी 2022 मध्ये एका नेत्याबद्दलची कवितावजा पोस्ट शेअर केली म्हणून ठाणे पोलिसांनी एका अभिनेत्रीला अटक केली. महिन्याहून जास्त काळ ती आत होती, आणि त्याच एका पोस्टवर राज्यात वीसहून अधिक गुन्हे. सत्तेवरचे पक्ष बदलले, रीत तीच.

गाडी अडते ती फिर्याद आणि खटला यांच्या मधल्या टप्प्यात. भारतीय न्याय संहितेचं 299 कलम धार्मिक भावनांचं आहे, तेही जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेल्या अपमानापुरतं. नेत्याचा अपमान त्यात बसत नाही. या कलमाखालच्या खटल्याची दखल घ्यायला कोर्टाला सरकारची पूर्वपरवानगी लागते, अटकेला मात्र लागत नाही. म्हणून माणूस आधी आत जातो आणि फाईल मागाहून हलते. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने 14 दिवस प्राथमिक चौकशी करता येते. 28 मार्च 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बोलण्या-लिहिण्याच्या अशा प्रकरणांत ती करणं योग्य ठरेल, असं सांगितलं, आणि शब्द कणखर मनाच्या माणसाच्या नजरेने तोलायचे, हा जुन्या नागपूर उच्च न्यायालयाचा निकष पुन्हा पुढे ठेवला.

तेव्हा नोटीस आली की वकिलाने आधी विचारावं: चौकशी झाली का, चिथावणी नेमक्या कोणत्या ओळीत आहे? आणि चौकीबाहेर जमाव जमलाच, तर पहिला बंदोबस्त लिहिणाऱ्याच्या घराला लावावा.