‘शेवटचा निर्णय माणूसच घेतो ना?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, तुमची प्रतिक्रिया दोनतीनदा वाचली. खाली चार ओळी टाकून भागणार नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सर बँकेत वीस वर्षं आहेत आणि त्यांचं म्हणणं असं की माझ्या आधीच्या लेखात आलेल्या नेदरलँड्सच्या पाळणाघर-भत्त्याच्या प्रकरणात दोष कायद्याचा होता, तो मी उगाच मशीन लर्निंगच्या माथी मारला. मॉडेल, म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकून अंदाज सांगणारा प्रोग्रॅम, नुसती शिफारस करतं, शेवटचा निर्णय माणूसच घेतो, आणि अ‍ॅक्युरसी वाढली की उरलेला प्रश्नही मिटेल.

कायद्याचं तुमचं म्हणणं अर्धं तरी मान्यच करायला हवं. पाळणाघराच्या खर्चासाठी तिथलं सरकार पालकांना भत्ता देतं, आणि टॅक्स खात्याने नियमाचा अर्थ असा लावला होता की कागदपत्रांत बारीकशी चूक निघाली तरी वर्षभराचा सगळाच्या सगळा भत्ता परत मागायचा. लोकांच्या डोक्यावर हजारो युरोंचं देणं झालं, त्या कुटुंबांतली हजाराहून जास्त मुलं त्या वर्षांत आईवडिलांपासून काढून दुसरीकडे ठेवली गेली. हा नियम मॉडेलने केलेला नव्हता. मूळ लेखात मी दोन्ही गोष्टी एकत्र करून टाकल्या, ती माझी चूक आहे, तो परिच्छेद आजच बदलतो.

पण सर, त्या नियमाखाली भरडलं कोण जाणार हे कोण ठरवत होतं? २०१३ पासून खात्याकडे मॉडेल होतं, आधीचे बरोबर आणि चुकीचे अर्ज दाखवून शिकवलेलं. ते प्रत्येक अर्जाला धोक्याचा स्कोअर द्यायचं आणि सगळ्यात वरच्या स्कोअरचे अर्ज तपासायला अधिकाऱ्याकडे जायचे. अर्जदार डच नागरिक आहे की नाही हाही त्यात एक निकष होता. म्हणजे तिथेही माणूस होताच की! फक्त मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या अ‍ॅम्नेस्टीच्या २०२१ च्या अहवालात आलंय तसं, स्कोअर जास्त का आला हे त्या अधिकाऱ्याला सांगितलंच जात नव्हतं. आता तुम्हीच विचार करा, फाइल समोर आलीये, मशीन म्हणतंय गडबड आहे, काय गडबड ते माहीत नाही, आणि नियम असा की बारीक चूकसुद्धा पुरते. शोधायलाच बसवलेल्या माणसाला काही ना काही सापडतंच. त्या वेळच्या अंदाजाने सुमारे २६ हजार पालक या सगळ्या प्रकरणात अडकले आणि १५ जानेवारी २०२१ ला तेव्हाचे पंतप्रधान रुट यांच्या अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

‘शेवटी माणूस आहे’ या वाक्यावरचा माझा विश्वास मात्र नेदरलँड्सच्या आधीच उडालाय, आणि तो माझ्या जुन्या नोकरीत. कंपनीचं नाव सांगत नाही. कर्जाच्या अर्जांना स्कोअर देणारं मॉडेल आमच्या टीमने बसवलं होतं आणि आम्ही सगळ्यांना हेच सांगायचो, निर्णय ऑफिसरचाच. पण स्क्रीन कशी होती? मॉडेलशी सहमत असाल तर एक क्लिक, फाइल पुढे. असहमत असाल तर फॉर्म भरा, कारण लिहा, वरच्याची मंजुरी घ्या, आणि दिवसाचं टार्गेट तेवढंच. त्यात परत मॉडेलने हो म्हटलेलं कर्ज बुडालं तर कुणाला काही विचारायचे नाहीत, ऑफिसरने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेलं बुडालं तर मीटिंगमध्ये त्याचं नाव निघायचं. एक बाई होत्या, फार अनुभवी, अर्ज बघून माणूस ओळखायच्या. सुरुवातीला त्या रोज एकदोन फाइलींवर वाद घालायच्या. वर्षभराने त्यांनी ते बंद केलं. रिपोर्टमध्ये आम्ही काय लिहिलं माहितीये? ‘ऑफिसर आणि मॉडेल यांच्यातली सहमती वाढली.’ ते वाक्य मी स्वतः टाइप केलंय सर, त्याचं मला आजही वाईट वाटतं. आणि नंतर मॉडेल परत शिकवलं ते याच फाइलींवर, म्हणजे ज्यांना नाकारलं त्यांनी कर्ज फेडलं असतं का हे कधी कळणारच नव्हतं.

आता अ‍ॅक्युरसी. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमध्ये, कोणत्या पेशंटकडे जास्त लक्ष द्यायला हवं हे ठरवायला वापरलं जाणारं एक मॉडेल ओबरमायर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं, ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत २०१९ ला ते आलं. मॉडेल आजारपण नाही, तर पेशंटवर पुढे किती खर्च होईल ते ओळखायचं, आणि तो अंदाज चांगला होता. पण कृष्णवर्णीय लोकांवर तेवढ्याच आजारपणात खर्चच कमी होतो कारण त्यांना उपचारच कमी मिळतात, त्यामुळे एकाच स्कोअरचे दोन पेशंट घेतले तर कृष्णवर्णीय पेशंट जास्त आजारी असायचा. वंश हा निकष मॉडेलमध्ये नव्हताच. ही विषमता काढली तर जादा मदत मिळणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल असं त्यांनी दाखवलं. इथे डेटा वाढवून काय होणार? खर्चाचा अंदाज अजून अचूक आला असता, बस. ‘आजारी कोण’ ऐवजी ‘खर्च कुणावर’ हे विचारायचं ठरलं ते माणसांच्या टेबलावर, कारण खर्चाचा आकडा बिलांमध्ये तयार मिळतो.

तुमचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण पटलं, की माणसंही भेदभाव करतात आणि त्यांचा हिशोब कुठेच राहत नाही. खरंय. हॉस्पिटलांचं हे मॉडेल निदान तपासता तरी आलं, आणि ओळखायची गोष्ट बदलल्यावर ती विषमता ८४ टक्क्यांनी कमी झाली. म्हणून मॉडेल नकोच असं मी म्हणत नाहीये, मूळ लेखातही म्हटलं नव्हतं.

तुमच्याकडे मात्र एक विचारायचंय. तुमच्या बँकेत मॅनेजरला स्कोअरच्या विरुद्ध जायचं असेल तर स्क्रीनवर नेमकं काय करावं लागतं, आणि गेल्या वर्षभरात कितीजण गेले? जमलं तर इथेच लिहा, बँकेचं नाव नको.