डायलिसिसची पहिली तारीख कोण तपासतं?

रुग्णालयाच्या संगणकातून माहिती थेट रजिस्ट्रीत (दाते आणि रुग्णांच्या मध्यवर्ती नोंदवहीत) गेली की प्रत्यारोपणाच्या नोंदींतल्या चुका संपतील, हे अवयव प्रत्यारोपणावरच्या लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. मी ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटर म्हणून, म्हणजे प्रत्यारोपणासाठी दाते, रुग्ण आणि रुग्णालय यांच्यात समन्वय ठेवण्याचं, काम करते. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी प्रतीक्षा यादीत गुण देताना रुग्ण किती काळ डायलिसिसवर आहे हे धरलं जातं. पण आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचं डायलिसिस तालुक्याच्या ठिकाणी सुरू झालेलं असतं. तिथला कागद मिळाला नाही की आमच्या रुग्णालयातल्या पहिल्या डायलिसिसची तारीखच फॉर्मवर चढते आणि त्या माणसाचे कित्येक महिने बुडतात. संगणक ती तारीख बिनबोभाट स्वीकारतो, कारण ती चुकीची दिसतच नाही. म्हणून मी नातेवाइकांकडून जुन्या पावत्यांची पिशवीच मागवते. चुरगळलेल्या, शाई उडालेल्या का असेनात, पण खरी तारीख बहुतेक वेळा त्यातच सापडते.

प्रत्यारोपणानंतरच्या फॉलोअपचंही तेच. रुग्ण गावी गेला, फोन नंबर बदलला, तर रकान्यात मागच्या वेळचं ‘प्रकृती ठीक’ पुढे ओढायचं नाही, ‘संपर्क नाही’ असंच लिहायला हवं. २०११च्या दुरुस्तीने अवयव प्रत्यारोपण कायद्यात को-ऑर्डिनेटर बंधनकारक झाला, हे चांगलंच झालं. पण समुपदेशन, पोलिसांची कागदपत्रं, प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीच्या फायली आणि वर डेटा एन्ट्री, सगळं एकाच माणसाच्या गळ्यात असतं. निदान मूळ कागदाशी नोंद ताडून बघायला दुसरा माणूस द्या, एवढी मागणी लेखात यायला हवी होती.