संप्रेरकांचे नाव घेऊन घराला मोकळे सोडले का?

नमस्कार. 'बाईचे काही बिनसले की तिच्या संप्रेरकांकडे (हार्मोन्सकडे) बोट दाखवायचे आणि नवरा, सासर, पैशाची ओढाताण यांना मोकळे सोडायचे, हेच तुमच्या लेखाने केले. बाईला गोळ्या नकोत, घर सुधारा,' असे आपण लिहिले आहे. यातला पहिला आक्षेप मला बराचसा मान्य आहे. संप्रेरकांचा बाईच्या मनःस्थितीवर होणारा परिणाम सांगणाऱ्या त्या लेखात, पाळी सुरू होण्यापासून ती जाण्यापर्यंतचे टप्पे मांडताना मी घरच्या परिस्थितीला एकच वाक्य दिले होते.

परंतु संप्रेरके ही नुसती सबब नव्हे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात गरोदर नसलेल्या १६ स्त्रियांच्या शरीरात औषधांनी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकांची पातळी गरोदरपणासारखी वाढवून नंतर ती एकदम उतरवण्यात आली. त्यांपैकी ज्या ८ जणींना पूर्वी बाळंतपणानंतर नैराश्य आले होते, त्यांतील ५ जणींची मनःस्थिती ढासळली. ज्यांना तसे कधी झाले नव्हते, त्या ८ जणींपैकी एकीचीही नाही. इथे रडणारे बाळ नव्हते, त्याच्यासाठीची जागरणे नव्हती आणि सासूबाईही नव्हत्या. शिवाय औषधे सगळ्यांना सारखीच दिली होती. फरक पडला तो त्या उताराला प्रत्येकीचा मेंदू कसा प्रतिसाद देतो यात. त्यामुळे 'बायका अशाच असतात' या शेऱ्याला या प्रयोगातून बळ मिळत नाही, उलट तो शेरा खोटा ठरतो.

आपल्या म्हणण्याला आधार देणारा अभ्यास तर गोव्यातलाच आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या या पाहणीत, बाळंतपणानंतर ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले, आणि त्याच्याशी गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि बाळ मुलगी असणे यांचा संबंध दिसला. मुलगी झाली म्हणून घरात तोंडे पडतात, ते संप्रेरकांच्या हिशेबात कुठेच बसत नाही. हा परिच्छेद मूळ लेखात आज जोडला आहे.

गोळ्यांबाबत मात्र मी आपल्याशी सहमत नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच भरून येते, ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी राहिली तर डॉक्टरांना दाखवावे आणि थायरॉईडही तपासून घ्यावे, कारण त्याचा बिघाडही असाच दिसू शकतो. जिला एकदा हा त्रास झाला आहे, तिने पुढच्या खेपेला दिवस राहताच तो डॉक्टरांच्या कानावर घालावा. घर सुधारायलाच हवे, पण ते सुधारेपर्यंत तिने उपचारावाचून राहावे, हे मला पटत नाही.