स्वस्त रायफल, महाग खात्री

पॉइंट टू टूची, म्हणजे साधारण ०.२२ इंची गोळीची, बोल्ट-ॲक्शन रायफल स्वस्तातली घ्यावी, यात वाईट काहीच नाही. खर्च सुरू होतो तो ती नेमाला कशी आहे हे ठरवायला बसल्यावर. बोल्ट मागे, बोल्ट पुढे, श्वास रोखायचा, ट्रिगर दाबायचा. इतकं साधं यंत्र, पण त्याच्याबद्दल एक सरळ वाक्य छातीठोकपणे बोलता येईल तर शपथ.

पहिलं दुखणं काडतुसांचं. हिचं काडतूस रिमफायर, म्हणजे पेटणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या काठात असतो. तो काठभर सारखा पसरला नाही, की एक गोळी जोरात जाते आणि दुसरी रेंगाळत. त्यात प्रत्येक नळीच्या आवडीनिवडी वेगळ्या. माझ्या रायफलीचे नखरे तर नव्या जावयाचे! मॅचसाठीचं महागडं काडतूस मोठ्या मानाने पुढे केलं, तर पन्नास मीटरवर कागदभर भोकं. आवाजापेक्षा जरा कमी वेगाचं साधंसुधं दिलं, तर गोळ्या निमूट एकमेकींना चिकटून. काडतूस बदललं की नळीत आधीच्या गोळ्यांचं मेण असतं, म्हणून सुरुवातीच्या गोळ्या हिशेबात धरायच्या नाहीत. हा नियम मला फार आवडतो. माझ्या वाईट गोळ्या बहुधा सुरुवातीच्याच असतात.

मग ग्रुप मोजायचा, म्हणजे कागदावरची भोकं किती जवळजवळ पडली ते. ‘एका मिनिटाची रायफल’ यातलं मिनिट घड्याळाचं नव्हे, कोनाचं, अंशाचा साठावा भाग; म्हणजे पन्नास मीटरवर साधारण १४.५ मिलिमीटर. तीन गोळ्यांत हे कुणालाही जमतं, आणि असे कागद लोक पाकिटात घेऊन हिंडतात. पाचव्या गोळीला माणूस उघडा पडतो. चार गोळ्या एका भोकात आणि पाचवी भलतीकडे. तिला फ्लायर म्हणायचं आणि वाऱ्याकडे रागाने बघायचं. दहा गोळ्यांचा ग्रुप मारणारे मी पाहिलेत. ते फारसे बोलत नाहीत.

दस्ता प्लास्टिकचा. नळी आणि दस्ता यांच्यात कागदाची पट्टी सरकवून पाहिली, सुळकन गेली. रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवून गाल टेकवला आणि पुन्हा सरकवली, तर अर्ध्यावरच अडकली. म्हणजे माझ्या गालाच्या वजनाने दस्ता नळीला टेकतो आणि नेम हलतो! दस्ता बदलणं आलं.

रेंजवरच्या मित्राने रायफलीवरच्या दुर्बिणीतून पाहिलं आणि डोळा जरा इकडेतिकडे केला. “क्रॉसहेअर, ही आतली नेमाची फुली, टार्गेटवर सरकतेय. ही शंभर यार्डांवर जुळवलेली आहे, रिमफायरला पन्नासची हवी.” चांगली दुर्बीण रायफलीहून महाग निघाली. ट्रिगर जड आहे, तोही बदल, म्हणाला. नळीचंही बघू पुढे.

“मग मूळ रायफलीतलं उरणार काय?”

त्याने गंभीरपणे विचार केला. “मॅगझीन,” म्हणाला. “पण ते अडकतं. तेही बदलूनच टाक.”