आगपेटी, आई आणि दोन थेंबांमधली पाच मिनिटं

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन २० मिनिटांत आटोपलं. त्यानंतर महिनाभर माझं चालू होतं, आणि तेही भूल न देता.

दवाखान्यातून निघताना हातात थेंबांचं वेळापत्रक मिळालं. दोन बाटल्या, एकीचं झाकण गुलाबी, दुसरीचं पांढरं. पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग हळूहळू कमी. गुलाबीचा थेंब टाकला की पाच मिनिटं डोळा मिटून पडून राहायचं आणि मग पांढरीचा, कारण लागोपाठ टाकले तर दुसरा थेंब पहिल्याला वाहवून नेतो. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, डोळा चोळायचा नाही, जड उचलायचं नाही. आईने हे सगळं मान डोलावत ऐकून घेतलं. "आणि आजी, सध्या मोबाइल बंद," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मात्र काळ्या चष्म्याआडून आवाज आला, "मग माझा ११४वा भाग?"

डॉक्टरांना वाटलं, पोथी असेल. "घरात कुणाकडून तरी वाचून घ्या की," म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. घरात 'कुणीतरी' हे पद गेली ५३ वर्षं माझ्याकडेच आहे.

मलाही पोथीच वाटली होती. आई चातुर्मासात पोथी वाचते, श्रावणात कहाण्या वाचते, हे लहानपणापासून बघितलेलं. दुपारी जेवण झाल्यावर ती मोबाइल नाकाशी धरून तास-तास वाचत असते तेही बघितलं होतं, पण ते अध्यात्म असावं असा माझा समज. दुपारी गुलाबीचा थेंब टाकला, तिचा मोबाइल उघडला आणि पहिलंच वाक्य वाचलं. 'त्याच्या तळहातातून निघालेली निळी ज्वाला बघून ती दोन पावलं मागे सरकली, पण तिचं मन मात्र चार पावलं पुढे गेलं होतं.'

"आई, हे काय आहे?"

"वाच. मधे बोलू नकोस. पाचच मिनिटं आहेत."

कथानक असं. नायक पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीचा मालक. दिसायला २८, खरं वय ५००. तळहातातून आग काढतो. त्याचं नाव दोन शब्दांचं आणि इतक्या जोडाक्षरांचं आहे, की एका दमात म्हणताना मला दोनदा ठसका लागला. आई त्याला 'आगपेटी' म्हणते. नायिका फुलांच्या दुकानात हार करते, मानेवर जन्मतः चंद्रकोर आहे, आणि ती खरी पाताळातल्या कुठल्याशा राज्याची वारस आहे. हे तिला सोडून सगळ्यांना माहीत आहे. वाचकाला तिसऱ्या भागात कळतं, खलनायकाला सातव्या, आणि तिच्या इमारतीच्या वॉचमनला तर पहिल्यापासून ठाऊक असतं. तोच तिच्या राज्याचा सेनापती निघतो. आई तिला 'आपली पोर' म्हणते. खलनायक 'मिशाळ'.

मी सहकारी बँकेत हिशेब खात्यात आहे. माझं डोकं अशा ठिकाणी भलत्याच बाजूने चालतं. ५०० वर्षं वयाच्या माणसाने कंपनीचं खातं उघडताना केवायसी कशी केली? जन्मतारखेच्या रकान्यात काय भरलं? दर ६० वर्षांनी निवृत्त होऊन स्वतःचाच मुलगा म्हणून परत येत असेल, तर वारसा हक्काचे कागद कुणी केले? हे मी आईला विचारलं. ती म्हणाली, "रावणाला दहा तोंडं होती, तो कुशीवर कसा झोपायचा हे विचारलंस का कधी? नाही ना? मग वाच."

आता माझ्या वाचनाविषयी. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचा मी ११ वर्षं सेक्रेटरी आहे. मोठ्याने वाचायचं म्हणजे मला एकच चाल येते, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. त्याच चालीत मी वाचलं, "तिने थरथरत्या पापण्या मिटल्या. तो तिच्या जवळ आला. चंद्र ढगाआड गेला."

"काय रे हे? ठराव मांडतोयस का?" आई म्हणाली. "अनुमोदन कोण देणार आता, मी?"

मग मी जरा चढउतार घालून वाचायला लागलो. आणि तिथेच फसलो, कारण चढउतार घालून वाचायचं म्हटलं की पुढच्या ओळीवर आधी नजर टाकावी लागते, आणि पुढची ओळ अशी होती, की ती स्वतःच्या आईसमोर वाचण्यापेक्षा सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय काढणं सोपं. आगपेटीचा उष्ण श्वास आपल्या पोरीच्या मानेवरच्या चंद्रकोरीपर्यंत पोहोचला होता. बाहेर पाऊस होता. दोघंही भिजले होते. ५०० वर्षांत या माणसाला छत्री घ्यायची बुद्धी झाली नाही.

मी घसा साफ केला आणि म्हणालो, "मग ते दोघे बराच वेळ बोलत बसले."

"काय बोलले?"

"असंच. हवापाणी."

"पावसात चिंब भिजून हवापाण्यावर?" आईने एक डोळा उघडला. तोच, थेंब घातलेला. "मेल्या, गाळू नकोस. तुम्ही तिघं भावंडं काय मी पोथी वाचून झालात?"

स्वयंपाकघरात काहीतरी दणकन पडलं. ही दाराआडून ऐकत होती.

त्यानंतर मी काही गाळलं नाही. वाचताना फक्त समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचो आणि ओळी पाठ असल्यासारख्या भराभर म्हणून टाकायचो. भाग संपला की आई सवयीने दोन्ही हात जोडायची. पोथीचा अध्याय संपल्यावर जोडते तसेच. ११९वा भाग एका दीर्घ चुंबनावर संपला, आणि आईने डोळे मिटून मनोभावे नमस्कार केला. मी पांढऱ्या झाकणाची बाटली घेऊन उभा. अशा वेळी मुलाने काय करायचं असतं, याची सोय आपल्या संस्कृतीत कुठेच केलेली नाही.

आईची टीका मात्र चोख असायची. १२६व्या भागात आगपेटी नायिकेसाठी हॉटेलातून जेवण मागवतो. आई म्हणाली, "हातात जाळ आणि जेवण बाहेरून! याच्या आईने याला काय शिकवलं?" मिशाळ नायिकेला गुहेत कोंडतो आणि दाराला मंत्राचं कुलूप घालतो, तेव्हा तिने विचारलं, "मंत्र पुटपुटताना ही शेजारीच उभी होती ना? मग ऐकला नाही का तिने? आमच्या वाड्यात असती तर चार घरांना पाठ झाला असता."

कुलपावरून आठवलं. या कादंबरीचं खरं मायावी कुलूप मिशाळाकडे नाही, मोबाइलमध्ये आहे. रोज दोन भाग फुकट. तिसऱ्याला नाणी मोजायची. ही नाणी आई कशी कमावत होती ते मला तेव्हा कळलं. रोज सकाळी चहाबरोबर ती गाद्यांच्या जाहिराती बघायची. जाहिरातीला एक नाणं. ऑपरेशनच्या दिवशी तिच्या खात्यावर ६१ शिल्लक होती. बँकेत ३० वर्षं काढलेला मी, पण इतक्या निष्ठेने आवर्ती ठेव भरणारा खातेदार पाहिला नाही. पुढे जाहिराती बघण्याचं कामही माझ्याकडे आलं. सकाळी ८ वाजून २२ मिनिटांच्या लोकलमध्ये, दाराशी लोंबकळत, मी आईसाठी गाद्या बघायचो.

आणि हे सगळं करून भाग संपायचा कुठे? 'तिने मागे वळून पाहिलं आणि...' बस. तीन टिंबं. एका भागात दारावरची बेल वाजली, पण नायिकेने दार पुढचे दोन भाग उघडलंच नाही, कारण मधे ५०० वर्षांपूर्वीची गोष्ट सुरू झाली. आई त्याला 'वेताळ झाडावर गेला' म्हणायची. चांदोबा वाचून वाढलेली बाई ती. विक्रम बोलला की प्रेत खांद्यावरून उडून झाडाला लटकणार, हे तिला लहानपणापासून मान्य होतं. "पण वेताळ फुकट यायचा हो," एवढंच ती म्हणायची.

खरी आपत्ती १६०व्या भागाच्या सुमाराला आली. तळमजल्यावरच्या मावशी आईला बघायला आल्या. हातात शहाळं, तोंडावर काळजी. पाच मिनिटं डोळ्याबद्दल बोलल्या, मग सहज म्हणाल्या, "आणि तुम्ही कुठवर आलात? तो वॉचमन मरतो ते झालं का?"

खोलीत शांतता पसरली. मी पांढऱ्या बाटलीचं झाकण लावायचं विसरलो. वॉचमनवर माझाही जीव होता. पुऱ्या कादंबरीत नोकरी नीट करणारा तो एकटाच.

मावशी गेल्यावर आई दोन दिवस घुश्शात होती. वाचू का विचारलं तर म्हणे, "काय वाचतोस? मरणारच आहे तो." तिची समजूत काढायला म्हणून मी बाबांच्या कपाटातून 'कथासरित्सागर'चा मराठी अनुवाद काढला. म्हटलं, हेही विद्या, शाप आणि प्रेमाचंच आहे, आणि नाणी लागत नाहीत. ११व्या शतकात काश्मीरच्या सूर्यवती राणीचं मन रमावं म्हणून सोमदेवाने रचलेला हा ग्रंथ. तुझा वेताळसुद्धा यातच आहे. उघडला, आणि काय सांगू, सुरुवातच मावशींची निघाली.

पार्वती शंकराकडे हट्ट धरते, कुणीच ऐकली नसेल अशी नवी गोष्ट सांगा. शंकर दारावर नंदीला बसवतो, कुणाला आत सोडू नकोस म्हणतो, आणि सात विद्याधर चक्रवर्तींची गोष्ट सांगतो. पुष्पदंत नावाचा गण योगबळाने अदृश्य होऊन आत शिरतो, चोरून सगळी गोष्ट ऐकतो आणि घरी जाऊन बायकोला सांगतो. ती बायको, जया, तीच गोष्ट पार्वतीला ऐकवते. पार्वती खवळते. नवी कसली, ही तर जयालासुद्धा माहीत आहे! पुष्पदंताला शाप मिळतो, मनुष्य होऊन जन्म घे. त्याची बाजू घ्यायला माल्यवान नावाचा गण मधे पडतो, तर त्यालाही तोच शाप.

"योग्य केलं," आई म्हणाली. "मावशींना सांग ही गोष्ट."

तो माल्यवान पुढे गुणाढ्य म्हणून जन्मतो आणि सातवाहन राजाच्या दरबारी प्रतिष्ठानला, म्हणजे आपल्या पैठणला येतो. राजा एकदा राण्यांबरोबर जलक्रीडा करत असतो. पाण्याच्या माऱ्याने दमलेली राणी संस्कृतात म्हणते, "मोदकैर्देव परिताडय माम्." म्हणजे मा उदकैः, पाण्याने मारू नका. राजाचं संस्कृत बेताचं. त्याने ताबडतोब मोदक मागवले.

आई इतकी हसली की मला तिचा डोळा धरावा लागला. "उकडीचे की तळणीचे?" तिने विचारलं. ग्रंथात तो खुलासा नाही.

राजाला संस्कृत शिकवायला सहा वर्षं लागतील असं गुणाढ्य म्हणतो. शर्ववर्मा नावाचा दुसरा पंडित सहा महिन्यांत करून दाखवतो. पैज हरलेला गुणाढ्य संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडून विंध्याच्या रानात जातो. तिथे ती शंकराची गोष्ट त्याच्या कानावर येते. उरलेल्या पैशाची, म्हणजे पिशाचांच्या भाषेत, शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने, सात वर्षांत सात लाख श्लोक लिहितो. राजा ते नाकारतो. मग तो डोंगरावर अग्नी पेटवून एकेक पान मोठ्याने वाचतो आणि जाळतो. भोवती हरणं, डुकरं, म्हशी चरायचं सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी. इकडे राजा आजारी. वैद्य म्हणतात, सुकं मांस पोटात जातंय. आचारी व्याधांना धरतात, व्याध सांगतात, काय करणार, रानातली जनावरं खायचंच विसरली आहेत. राजा धावत जातो तोवर सहा लाख श्लोक जळालेले असतात. एक लाख उरतात.

हे वाचता वाचता मी थांबलो. आमच्याकडे त्या आठवड्यात चार वेळा भाजी खाली लागली होती. भांडी घासायला येणाऱ्या ताई नळ बंद ठेवून भांडी घासत होत्या, आणि त्याला मी पाणीबचत समजत होतो. दाराकडे बघितलं. ही हातात झारा घेऊन उभी होती.

"भाजी?" मी विचारलं.

"लागली," ती म्हणाली. "गुहेतून कधी सुटणार ती? ते आधी वाचा."

मग सभा रीतसर भरायला लागली. रात्री नऊच्या थेंबांना गणपूर्ती असायची. वॉचमन १७१व्या भागात गेला. माहीत असूनसुद्धा चौघांनाही जड गेलं. ताई दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, पण त्याचं कारण वेगळं असेल. १८७व्या भागात आपल्या पोरीला एकदाचं कळलं आपण कोण ते. आई म्हणाली, "सुटलो." मी आता आवाज बदलून वाचत होतो. मिशाळाचा तर इतका जमला, की खालून मावशींनी काय झालं म्हणून फोन केला.

२०३व्या भागात आगपेटीची आग विझली. कायमची. ती समोर रडत होती, तिचं आसवाचं पाणी त्याच्या तळहातावर पडलं, तो म्हणाला, "आता माझं खरं नाव ऐक," आणि तीन टिंबं.

दुसऱ्या दिवशी आईचा जवळचा चष्मा आला.

संध्याकाळी बँकेतून घरी आलो तर ती खिडकीशी बसून स्वतःच वाचत होती. मोबाइल आता नाकाशी नव्हता, चांगला हातभर लांब. बाटल्या औषधांच्या डब्यात गेल्या होत्या. मी हातपाय धुतले, चहा घेतला, पेपर उघडला, मिटला.

"काय गं, त्याचं नाव काय निघालं?"

आईने मान वर केली नाही. "कुणाचं?"

"आगपेटीचं."

"सांगितलं तर शाप लागतो म्हणालास ना?" म्हणाली आणि बोटाने पान वर सरकवलं. मधेच एकदा "अगंबाई!" म्हणाली.

स्वतः वाचायचं तर मला माझ्या मोबाइलवर पहिल्या भागापासून कुलपं उघडावी लागतील. रोज दोन भाग, म्हणजे साडेतीन महिने. नाही म्हणायला आईचा डावा डोळा अजून बाकी आहे. त्यातला मोतीबिंदू पिकायला वेळ आहे, म्हणतात डॉक्टर. मी रोज सकाळी कॅलेंडरवरची तारीख दाखवून विचारतो, "आई, उजवा डोळा झाकून बघ, दिसतंय का?"

"स्वच्छ," ती म्हणते.